दोरी सरळ होती, सटवा

सटवा, तुझी दोरी अजून लाकूड कातायच्या खरादीच्या दांड्याला दोन वेढे देऊन तशीच आहे. शेवटचा उठलास तेव्हा तिची दोन्ही टोकं उंबऱ्यावरून अंगणात टाकून गेलास, ती तशीच निंबाखाली पडली आहेत. घरातलं कुणी ना कुणी रोज त्यात अडखळतं आणि माझ्याकडं बघतं. उचलायचं जिवावर येतं. काल तुझा दहावा झाला. तिथून आल्यापासून अंग असं मोडून आलंय की खरादीपुढं बसवत नाही आणि पडून राहवतही नाही, म्हणून लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. तू जिवंत असताना जे तोंडानं बोललो नाही ते आता तुला न येणाऱ्या अक्षरांत लिहितोय. यावर तू काय म्हणाला असतास तेही ठाऊक आहे. "लई शाना हाईस बे."

कालपासून तिघांनी सांगून झालं, "वस्ताद, दोरीला आता दुसरा गडी बघा." जसं काही मोटेला बैल बघायचा आहे. त्यांना तरी काय बोलू? बाहेरून बघणाऱ्याला आपल्या कामात दिसायचं ते एवढंच: मी उंबऱ्याच्या आत मांडी घालून बसलेला, पुढ्यात भुईत रोवलेली खराद, आणि तू बाहेर अंगणात, दोन हातांत दोरीची दोन टोकं धरून. उजवा हात ओढलास की लाकूड माझ्याकडं फिरायचं, तेव्हा मी हत्यार टेकवायचं. डावा ओढलास की ते माघारी फिरायचं, तेव्हा मी हत्यार उचलायचं. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत हेच. पलंगाचे पाय, लाटणी, ताकाच्या रव्या, लेकरांचे खुळखुळे, हुक्क्याच्या नळ्या. नेकनुरात लाकडाची जी म्हणून गोल वस्तू आहे ती तुझ्या दोरीवर फिरून गेलेली आहे. नाव मात्र खरादी म्हणून माझं.

तू कधी आत आला नाहीस. तुमची घरं ओढ्यापलीकडं, दोरखंडं वळणाऱ्यांची. माझं घर गावात, सुताराचं. माझ्या बापानं खराद दाराला चिकटून रोवली ती तुझ्या बापासाठी, म्हणजे आतल्यानं आत बसावं, बाहेरच्यानं बाहेर, आणि दोरीनं तेवढी ये-जा करावी. उंबऱ्याच्या लाकडाला तिनं दोन खाचा पाडल्या आहेत. त्यात माझं बोट पहिल्या पेरापर्यंत जातं. तुझी पाण्याची करवंटी निंबाच्या बेचक्यात असायची आणि आमचं कुटुंब तीत वरून पाणी घालायचं. लोकांपुढं तू मला "तुमी" म्हणायचास आणि दोघंच असलो की "तू" आणि "बे". मला ते दुसरं आवडायचं. पण लोकांपुढंही तसंच म्हण, असं मी तुला कधी म्हणालो नाही. आत ये, असंही म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तू आला असतास की नाही, हे आता कुणाला विचारू?

पेनाचं खूळ माझं, हे तू मरेपर्यंत ऐकवलंस. बीडच्या कचेरीतले ते पेशकार आपलं विलायती पेन घेऊन आले. पेनाची टोपी टांग्याच्या चाकाखाली जाऊन तिचे तुकडे झाले होते. नवी करून दे म्हणाले. मी ते तुकडे उन्हात धरले आणि आतल्या रेघा बघत बसलो. बारीक, केसासारख्या, एकीला एक लागून गोल गोल चढत गेलेल्या. आटे मला नवे नव्हते. अत्तराच्या लाकडी कुप्यांना मी जाडे आटे पाडत असे. पण नखाला कळावेत आणि डोळ्याला कळू नयेत असे आटे मी पाहिले नव्हते. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. एक जुनी कानस घासून घासून तिच्या टोकाला फणीसारखे दात काढले. पेशकारांनी हैदराबादेहून काळ्या रबराच्या कांड्या मागवून दिल्या. नावाला रबर, पण लाकडासारखं टणक, आणि कातताना जळक्या गंधकाचा वास. तू पटक्याचं टोक नाकाला लावून म्हणालास, "वस्ताद, ह्ये भूत कावून काततोस बे? लाटण्यानं पोट भरत न्हाई का?"

तीन महिने आटे पडले नाहीत. कधी एकावर एक चढायचे, कधी अर्ध्यात वाट सोडायचे. मी चिडायचो, कांडी निंबावर फेकून मारायचो, तू उठून उचलून आणायचास. अंबाडीची दोरी ताणते म्हणून तू घरी बसून सुताची बारीक दोरी वळून आणलीस, तिला मेण चोळलंस. तरी पडेनात. मग एक दिवस तू दोरी ओढायची थांबवलीस.

"तू फणी ढकलतोस कावून? नुसती धर की. ती जाती आपली आपण."

"बाहेर बसून तुला काय कळतं?"

"मला दोरीत कळतंय. तू ढकललंस का दोरी जड हुती."

मी रागारागानंच फणी नुसती धरली. तू खोटा पडलास की चांगलं झापता येईल, एवढाच विचार. आणि ती गेली. एका फेऱ्याला एक दात, लोण्यातून जावी तशी. तू ओढ लांबवलीस, संथ केलीस. त्या संथपणात मला पहिल्यांदा तुझा श्वास ऐकू आला. उजवा हात ओढताना सोडायचास, डावा ओढताना घ्यायचास. त्यानंतर मी आटे कधी डोळ्यांनी पाडले नाहीत. तुझा श्वास ऐकायचा आणि फणी धरायची. लोक म्हणायचे, काय हात आहे वस्तादाचा. मी मान हलवायचो. ती मान मी आडवी हलवायला हवी होती.

पेन झालं की त्यात शाई भरायची, पांढऱ्या फडक्यावर आडवं ठेवायचं आणि दिवस मावळता फडकं बघायचं. डाग नसला की आटे घट्ट बसले. मग मी त्यानं कागदावर एक शब्द लिहून बघायचो. तू उंबऱ्यावरून वाकून विचारायचास.

"काय लिवलंस?"

"नेकनूर."

"दर येळी नेकनूर. माझं नाव कावून लिवत न्हाईस?"

"पेन चालतंय का ते बघायचंय. तुझी कुंडली मांडायची नाही."

तू हसायचास. मीही हसायचो. किती पेनं झाली असतील त्याचा हिशोब मी ठेवला नाही, पण नेकनूर तेवढ्या वेळा लिहिलं आणि तुझं नाव एकदाही नाही.

आता जे बोललो नाही ते लिहितो. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात शंभरदा लिहिलं असेल.

तुला आठवतं, पेशकारांना एक पेन तालुकदारसाहेबांना नजराणा म्हणून द्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायचं होतं आणि कांडी एकच उरली होती. टोपी आधी आणि अंग मागून, हा आपला नियम. टोपीला आतून आटे पाडायचे म्हणजे फणी तोंडातून आत न्यायची आणि बूड लागायच्या आधी उचलायची. आदल्याच दिवशी मला उचलायला उशीर झाला होता, फणी बुडाला आदळली होती आणि तिचा शेवटचा दात उडाला होता. दुसरी फणी घासायला वेळ नव्हता. मला भीती बसली होती. मग मला अक्कल सुचली. बुडापासूनच सुरू करावं आणि फणी बाहेर ओढत आणावी, म्हणजे आदळायला नको. आटे सुंदर पडले. टोपी उन्हात धरली. रेघा उलट्या बाजूला कलल्या होत्या. जगातल्या टोप्या जिकडं फिरवून उघडतात, तिकडं फिरवली तर ही आणखी घट्ट बसणार होती.

त्याच वेळी पेशकारांकडं जाऊन चुकलो म्हणालो असतो तर काय झालं असतं? चार शिव्या मिळाल्या असत्या आणि नवी कांडी यायला दोन आठवडे लागले असते. एवढंच. पण तो काळ असा होता की लांबलांबून माणसं माझं नाव विचारत यायची. चौसाळ्याच्या बाजारात मला ओळखणारे लोक होते. मी ती टोपी बाजूला ठेवली, अंगाचा तुकडा चढवला आणि टोपीला जुळावं म्हणून अंगालाही उलटेच आटे पाडायला घेतले. तू लगेच दोरी थांबवलीस.

"वस्ताद, फणी उलटी चालली बे."

"तू दोरी ओढ."

"आरं, पर टोपण उलटं फिरंल."

"अंगाला बसलं म्हणजे झालं. तू दोरी ओढ म्हणतो ना."

तू माझ्याकडं बघत राहिलास. मग ओढलीस. त्या पेनाचे आटे आपण पाडलेल्या सगळ्या आट्यांत घट्ट होते, हे आज सांगतो. मन खोटं असलं की हात जास्त जपून चालत असावा.

चौथ्या दिवशी पेशकारांचा टांगा थेट अंगणात आला. साहेबांनी चार माणसांपुढं टोपी फिरवली, ती घट्ट झाली. आणखी जोर लावला, टोपी तडकली, पेनाची जीभ निसटली आणि शाई साहेबांच्या शेरवानीवर. पेशकारांचा चेहरा बघवत नव्हता. बेइज्जती, बेइज्जती, एवढंच म्हणत होते. निम्मं गाव जमलं. तू दोरी हातात धरून उभा राहिलास.

"हे कुणाचं काम? बोल," पेशकार माझ्यावर ओरडले.

आणि मी म्हणालो, "सरकार, यानं दोरी उलटी गुंडाळली."

इतकं पटकन म्हणालो की मलाच नवल वाटलं. दोरी उलटी गुंडाळली तर लाकूड माझ्यापासून पलीकडं फिरतं. मग फणी कापत नाही, नुसती घासत बसते, आणि घासून काही आटे पडत नाहीत. खरादीजवळ एक दिवस बसलेल्या माणसालाही हे कळतं. आट्याची दिशा फणी धरणारा हात ठरवतो, दोरी नाही. पण पेशकारांना ते कळायचं कारण नव्हतं. गावालाही नव्हतं. हे कळणारी माणसं त्या अंगणात दोनच होती. एक मी आणि दुसरा तू.

तू माझ्याकडं पाहिलंस. रागानं नाही. मी फणी नीट धरली आहे की नाही हे बघताना जसा बघायचास, तसं. मग खाली बघून म्हणालास, "चुकी झाली, सरकार."

पेशकारांनी पेन अंगणात भिरकावलं. "उद्यापासून हा इथं दिसला तर तुझी खराद उपटून टाकीन," असं मला बजावून गेले. लोक पांगले. मी आत उठून गेलो. तू किती वेळ उभा होतास, पेन कधी उचललंस, मला माहीत नाही. मी दार लावून घेतलं होतं. दुपारची वेळ होती, आमच्या घराचं दार दुपारी कधी लागत नसे.

तू दूरच्या एका कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या गिरणीत, गेलास असं नंतर कळलं. मी मेहुण्याला दोरीला बसवलं. त्याचे हात बैलाचे, श्वास मला ऐकूच यायचा नाही, आटे दारू प्यालेल्या माणसासारखे चालायचे. दोन महिन्यांत मी पेनं सोडली आणि लाटण्यांना लागलो. लोकांना सांगायचो, रबर मिळत नाही. आणि इकडं गावानं तुला नाव ठेवलं होतं. उलट्या. सुरुवातीला पोरंटोरं म्हणायची, मग सगळेच. उलट्या कुठं गेला? उलट्याची दोरी आणा रे, म्हणजे विहिरीतलं पाणी वर यायच्या ऐवजी खाली जाईल. माझ्यापुढं म्हणायचे आणि हसायचे. मीही हसलो आहे, सटवा. दोनदा. दोन्ही वेळचं आठवतंय.

सव्वा वर्षानं पेशकारांची बदली झाली. दुसऱ्या आठवड्यात सकाळी उंबऱ्यावर दोरी पडल्याचा आवाज आला. बाहेर आलो तर तू करवंटी धुऊन निंबाच्या बेचक्यात ठेवत होतास. वाळला होतास. भुवयांत कापूस बसावा तसे केस पांढरे झाले होते.

"चल बे, बस. फणी हाय का गिळलीस?"

मी बसलो. त्या दिवशी तरी बोलायचं होतं. मी फणी शोधायचं सोंग करत बराच वेळ आत फिरलो आणि बाहेर येऊन म्हणालो, "रबराच्या दोन कांड्या शिल्लक आहेत." चांगला माणूस याहून दुसरं काही बोलला असता.

तू खोकला घेऊन आलास. जिनातला कापूस छातीत राहतो म्हणे. पहिल्यांदा मला वाटलं, संपलं, आता आटे पडायचे नाहीत, मधेच खोकला आला तर फणी उडणार. पण तू आट्यांच्या वेळी खोकलाच नाहीस. मला ते कळायला वेळ लागला. मी श्वास ऐकायचो, तो मधेच बंद व्हायचा, दोरी मात्र तशीच संथ चालायची. आटे पुरे झाले, मी फणी उचलली, की तू दोरी सोडून निंबाला धरायचास आणि मग खोकायचास, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी त्या वेळी टोपी उन्हात धरून आत बघायचो. आत बघण्यासारखं काही नसायचं. एवढी वर्षं तू खोकला दाबून माझे आटे पाडून दिलेस आणि मी टोपीत बघत बसलो. थकून जायला होतं हे आठवून. दुःख झालं असतं तर बरं होतं, रडून मोकळा झालो असतो. हे नुसतं अंगावर ओझं बसल्यासारखं आहे.

एकदा मी तोंड उघडलं होतं, तुला आठवत असेल. निंबाला मोहोर आला होता, सगळ्या अंगणात पडला होता. मी म्हणालो, "सटवा, त्या पेशकाराच्या पेनाचं..." तू लगेच दोरीला झटका दिलास. "फणी धर बे. हात थंड व्हायलाय." मला वाटलं, तुला अजून राग आहे, विषय नको आहे. खरं तर सुटलो असंच वाटलं. इतकं सोपं करून दिलंस तू.

तू आठ दिवस अंथरुणाला होतास. मी दोनदा ओढ्यापर्यंत आलो. एकदा तर चप्पल हातात घेऊन पाण्यात पाय टाकला. पलीकडं तुझं घर दिसत होतं, तुझा खोकला ऐकू येत होता. आता तो दाबायचं काही कारण उरलं नव्हतं ना. मी माघारी फिरलो. सुतार तुमच्या वस्तीत कसा जाईल, लोक काय म्हणतील, हे सगळं मी मनाशी बोललो, पण ते खरं नव्हतं. तू मरताना मला काही विचारशील याची भीती होती.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुझी बायको धुरपा आली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, आणि त्या दोन खाचांच्या मधे काहीतरी ठेवलं. "त्यांनी सांगितलंतं, वस्तादाच्या हातात द्या म्हणून." आणि गेली. ते पेन होतं. ते. टोपीच्या तड्यावर तू सुताची दोरी गुंडाळली होतीस, मेण लावून, वेढ्याला वेढा चिकटवून, इतकी नीट की नख शिरत नव्हतं. लिहिता न येणाऱ्या माणसानं हे एवढी वर्षं कशासाठी ठेवलं असेल? मी टोपी फिरवली. ती घट्ट झाली. आणखी फिरवली, आणखी घट्ट झाली. आटे मी पाडलेले, उलटे पाडलेलेही मीच, आणि माझाच हात विसरला. मग उलटी फिरवली. उघडली. मी तिथंच उंबऱ्याला टेकून बसलो. घरातल्यांना वाटलं, मला घेरी आली.

काल दहाव्याला मी ओढा ओलांडून आलो. तुझी माणसं बाजूला सरकली, मला बसायला घोंगडी टाकली. मी ठरवून आलो होतो. मनात असं होतं की तुझ्या पिंडाला कावळा शिवायचा नाही, लोक खोळंबतील, याची काय इच्छा राहिली म्हणून कुजबुजतील, आणि मग मला उठून बोलावंच लागेल. बोलायलाही मला कुणीतरी ढकलायला हवं होतं, बघ. पिंड ठेवून माणसं चार पावलं मागं सरतात न सरतात तोच कावळा उतरला. खाऊन उडालाही. तू मागं काही ठेवलंच नव्हतंस. एक म्हातारा म्हणाला, "सुटला बिचारा उलट्या."

मी उठलो. 

"त्याला उलट्या म्हणू नका," मी म्हणालो. "दोरी सरळ होती. फणी मी उलटी चालवली. पेशकारापुढं खोटं बोललो ते मी."

कुणी रागावलं नाही, कुणाला नवलही वाटलं नाही. तो म्हातारा म्हणाला, "कवाची गोष्ट, वस्ताद. आता कावून काढताव?" मला वाटलं होतं, आभाळ कोसळेल. एक कुत्रं पिंडाकडं निघालं होतं, लोक त्याला हाकलायला लागले.

धुरपा तेवढी जवळ आली. डोईवरचा पदर घट्ट धरून उभी राहिली.

"आमाला ठावं हुतं, वस्ताद."

"कधीपासून?"

"पेशकार आलते त्याच दिशी. घरी आले आन मला समदं सांगितलं. मी म्हणलं, चला, आत्ताच्या आत्ता पाटलाम्होरं बोला. तर म्हणले, बोललो तर वस्तादाचा हात हालंल. एकडाव हात हालला का आटे पडायचे न्हाईत. मंग म्या दोरी तरी कुणासाठी वढू?"

मी घोंगडीवर खाली बसलो.

"नावाचं म्हणलं तर म्हणायचे, नाव का आंगाला चिकटतंय," ती म्हणाली. "त्यांला न्हाई चिकटलं. मला चिकटलं, वस्ताद. येशीतून जाताना मला उलट्याची बायकू म्हणत्यात. तवाच बोलला असताव तर..." मग म्हणाली, "आज बोललाव, बरं केलं." आणि बायकांत जाऊन बसली. तिनं मला माफ केलं असं मी समजत नाही. तूही समजू नकोस.

म्हणजे तो दोरीचा झटका रागाचा नव्हता. मी बोललो असतो तर माझा हात गेला असता, म्हणून तू मला बोलू दिलं नाहीस. माझ्या हाताची एवढी काळजी तू केलीस आणि मला वाटत राहिलं की हात माझाच आहे. सटवा, तुझ्यावर चिडावं की तुझे पाय धरावे, मला कळत नाही. मला न विचारता तू असं कसं ठरवलंस? बोललो असतो, हात गेला असता, लाटणी केली असती दोघांनी. तू जिनात गेला नसतास. हे भांडण मी तुझ्याशी रोज करणार आहे. तू फक्त दोरी थांबवून बघत बसशील, ठाऊक आहे मला.

दुसरा गडी मी बघणार नाही. आज सकाळी फणी हातात धरून पाहिली. हात हलतोय. काल बोलल्यापासून हलतोय, तू म्हणालास तसाच. फणी पुसून तेल लावून ठेवून दिली. दोरी उद्या गुंडाळून धुरपाकडं नेऊन देईन. ओढा आता मला माहीत झाला आहे.

सकाळी तुझं पेन कोमट पाण्यात धुतलं, निसटलेली जीभ बसवली, ताजी शाई भरली आणि उंबऱ्यावर, दोन खाचांच्या मधे, पांढऱ्या फडक्यावर आडवं ठेवलं. मग निंबाखाली, तुझ्या जागेवर, बाहेर बसून राहिलो. तिथून माझी जागा कशी दिसते ते मी पहिल्यांदाच पाहिलं. फणी धरणाऱ्या हाताचं बोट न् बोट दिसतं तिथून. दिवस मावळायला आला तेव्हा उठून फडकं पाहिलं. टोपी उलटी फिरवली, उघडली, आणि कागदावर लिहून बघितलं. नेकनूर नाही लिहिलं. सटवा, असं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं आहे, हलत्या हाताचं. पण फडक्यावर डाग नाही. पेन गळत नाही रे.